दोनशे शब्दांची अट

टिटवी हे नाव तिसऱ्यांदा दिसलं तेव्हा मी लॅबमध्ये होते. सकाळची गर्दी ओसरली होती, रक्ताच्या नळ्या फिरवणारं मशीन घरघरत होतं आणि रिपोर्ट छापायच्या कॉम्प्युटरवर मी 'कथाबैठक' उघडून बसले होते.

"ही बया परत आली," मी म्हणाले.

शेजारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या सुलभाताईंनी मान वर न करता विचारलं, "कोण?"

"कुणीतरी नवीन आहे. आमच्या कथेत मधेच घुसते, एक ओळ टाकते आणि पळते."

"टाकू दे की एक ओळ. तुझं काय जातं?"

"नियम आहे, ताई. दोनशे शब्दांच्या आत उत्तर चालत नाही."

"कुणी केला नियम?"

"मीच."

सुलभाताई हसल्या आणि पुन्हा काचेकडं वळल्या. मी ती ओळ पुसून टाकली.

कथाबैठक ही इंटरनेटवरची जागा. तिथं दोघांनी मिळून एक कथा लिहायची. प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं. एकानं थोडं लिहिलं की दुसऱ्यानं आपल्या पात्राच्या बाजूनं उत्तर द्यायचं, मग पुन्हा पहिल्यानं. मी तिथं हैबत तांडेल होते. एक बेट, बेटावर बत्ती म्हणजे दीपगृह, ते सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याची मुलगी रेवती, आणि अंधारातून बोटीनं चोरटा माल नेणारा माझा हैबत. रेवती लिहायची उदगीरची मंजिरी हुलसूरकर. दोन वर्षं आमची कथा चालू होती. प्रत्यक्ष आम्ही कधी भेटलो नव्हतो आणि फोनवरही बोललो नव्हतो. "घरी फोन वाजला की आप्पा विचारतात कुणाचा," असं तिनं सुरुवातीलाच कळवलं होतं. माझे खाजगी निरोपसुद्धा ती वाचून लगेच पुसायची.

नियमाचं म्हणाल तर तो मी भांडून आणला होता. लोक 'हो', 'मग?', 'तो हसला' एवढंच लिहून मोकळे व्हायचे आणि समोरच्यानं एकट्यानं गाडा ओढायचा. त्यांना आम्ही एकोळे म्हणायचो. मी महिनाभर वाद घातला आणि दोनशे शब्दांची अट घालून घेतली. ती मोडणारी उत्तरं पुसायचं कामही मग माझ्याकडंच आलं. वर आणखी एक पाचर मारून ठेवली होती. नव्या माणसाची नियमात बसणारी पाच उत्तरं झाल्याशिवाय त्याला कुणालाही खाजगी निरोप पाठवता येणार नाही. सगळ्यांना ते पटलं होतं असं नाही. मंजिरीलाही नव्हतं. पण ती स्वतः भरपूर लिहायची, त्यामुळे तिला अडचण कधी आली नाही.

त्या आठवड्यात तर ती नेहमीच्या तिप्पट लिहीत होती. आधी आठेक दिवस तिचं काहीच आलं नव्हतं आणि मग एकदम पानंच्या पानं यायला लागली. समुद्राचं वर्णन, रेवतीच्या मनातली घालमेल, एकाला एक जोडून चालणारी लांबलचक, घोटीव वाक्यं. बैठकीतले जुने लोक खाली वाहवा लिहीत होते. मलाही अभिमान वाटत होता. फक्त उत्तर द्यायला बसलं की काही सुचत नव्हतं. वाचायची, पुन्हा वाचायची आणि खिडकी बंद करायची.

त्या दुपारी पुन्हा वाचायला घेतलं आणि पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. मंजिरीनं लिहिलं होतं, 'तांडेलाच्या डोळ्यांत पाणी तरळले. तो रेवतीच्या पायाशी बसून म्हणाला, मी तुझा अपराधी आहे, माझे खरे नाव आणि गाव आज तुला सांगून टाकतो.'

माझा तांडेल दोन वर्षांत एकदाही रडला नव्हता. आणि तो रडायचा असेल तर ते मी लिहायचं होतं. दुसऱ्याचं माणूस आपण हलवायचं नाही, ही या लेखनातली अगदी पहिली गोष्ट. ती मला शिकवली होती मंजिरीनंच.

मी विचार करत होते तेवढ्यात खाजगी निरोप आल्याची खूण दिसली. मंजिरीकडून होता आणि तोही लांबलचक. 'प्रिय हैबत, आपल्या या शब्दसहवासाला आता प्रत्यक्ष रूप द्यावे असे मनापासून वाटते,' अशी सुरुवात. आणि शेवटी, 'तू मूळचा कुठला आहेस? येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता उदगीरच्या बसस्थानकावर येशील का? मी एकटीच असेन.'

कुठला. मी त्या शब्दावर थांबले. मंजिरी मला दोन वर्षं 'कुठं होतीस गं', 'जेवलीस का' असं लिहीत आली होती.

"ताई," मी म्हणाले, "हे मंजिरीनं लिहिलेलं नाही."

सुलभाताई उठून माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळा निरोप वाचला. "मग कुणी लिहिलंय?"

"माहीत नाही. पण ज्यानं लिहिलंय त्याला वाटतंय मी पुरुष आहे."

पुसलेली उत्तरं आमच्याकडं कचऱ्यात महिनाभर राहायची. मी कचरा उघडला आणि टिटवीच्या तिन्ही ओळी बाहेर काढल्या. पुसताना मी त्या धड वाचल्याही नव्हत्या.

पहिली होती, 'बत्तीवर आज रेवती नाही.'

दुसरी, 'तांडेल, गाव सांगू नकोस.'

तिसरी मघाचीच होती. 'किनाऱ्यावर माणसं उभी आहेत.'

टिटवीला कळावं म्हणून मी तिन्ही ओळी होत्या तिथं परत लावल्या, दुसऱ्या कुणाला त्या कथेतल्याच वाटल्या असत्या. टिटवीला खाजगी लिहिण्यात अर्थ नव्हता, माझ्याच नियमानं तिला उत्तर देता आलं नसतं. आणि उघड कथेत काही विचारावं तर जो मंजिरीच्या नावानं लिहीत होता तो वाचणार. शेवटी मी एकच वाक्य लिहिलं. 'तांडेलानं टिटवीला विचारलं, माझी बोट कुणाच्या नावाची?'

बोटीचं नाव चंद्री होतं. माझ्या लहानपणी आजोळी एक शेळी होती, तिचं हे नाव. कथेत ते कुठंही आलेलं नव्हतं, मी मंजिरीला खाजगीत सांगितलं होतं आणि त्यावर ती दोन दिवस हसत होती.

पुढचे दोन तास कसे गेले ते मला सांगता येणार नाही. एक पेशंट आला, त्याची शीर सापडेना. मी दोनदा सुई घातली आणि त्यानं मला सुनावलं. परत येऊन पाहते तर खाली एक शब्द होता.

'शेळीच्या.'

आणि त्याखाली लगेच दुसरं उत्तर. 'सोमवारी परीक्षा. सोडत नाहीत.'

दुसरं मी लगेच पुसलं. त्यानंतर टिटवीचं काही आलं नाही.

मंजिरी बाहेरून एम.ए. करत होती आणि तिचं शेवटचं वर्ष होतं, एवढं मला माहीत होतं. वडील प्राध्यापक, मराठी शिकवतात, हेही. म्हणजे ती घोटीव वाक्यं कुणाची होती ते कळलं. मी सरळ मार्ग घ्यायचं ठरवलं. मंजिरीच्या खात्यावर खाजगी निरोप लिहिला. 'सर, मी मुलगी आहे. माझं नाव कांचन पोळ, कराडला लॅबमध्ये काम करते. हा माझा फोन नंबर. तुमचा काहीतरी गैरसमज झालाय.'

उत्तर अर्ध्या तासात आलं. ते मी अजून विसरलेले नाही. त्यात भाषेची शुद्धता होती, बापाची व्यथा होती, पुरुषार्थावर एक स्वतंत्र परिच्छेद होता. एका मुलीला जाळ्यात ओढून वर मुलीच्याच नावाआड लपणाऱ्याला काय म्हणावे, असं विचारलं होतं. फोनवर कुणाच्याही बहिणीचा आवाज ऐकवता येतो, असंही होतं. शेवटी, 'पुरुष असाल तर रविवारी समोर या. न आल्यास माझी मुलगी या घराबाहेर पाऊल टाकणार नाही, परीक्षेलाही नाही.'

सुलभाताई म्हणाल्या, "पोलिसात सांग."

"काय सांगू? शेळीच्या म्हणून उत्तर आलं, असं?"

"मग काय करणार?"

"जाते."

"आणि तिथं माणसं उभी असतील ती?"

"ती हैबतसाठी उभी असतील, ताई."

शनिवारी मी बस धरली. निघताना सुलभाताईंनी माझ्याकडून कबूल करून घेतलं की रविवारी संध्याकाळच्या आत फोन करायचा, नाहीतर त्या स्वतः उदगीरच्या पोलीस ठाण्यात फोन लावतील. रात्रभर झोप नव्हती. त्यात सोलापूरला गाडी बदलताना माझी एक चप्पल तुटली. तिथंच स्टँडसमोर हाताला लागेल तो जोड घेतला, लालभडक, चंदेरी फुलं लावलेला.

उदगीरला उतरले तेव्हा साडेदहा झाले असतील. ऊन चढलं होतं. मी पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिले आणि बघत राहिले. त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. उंच, पांढरा शर्ट, खांद्याला शबनम, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ उपाहारगृहाच्या खांबाशी उभे होते. त्यांच्याजवळ दोन धट्टीकट्टी तरुण पोरं. प्रत्येक गाडी लागली की ती पोरं दाराशी जाऊन उतरणाऱ्यांची तोंडं बघायची आणि परत यायची. एकदोनदा त्यांची नजर माझ्यावरूनही गेली आणि पुढं सरकली.

मला तेव्हा परत जाता आलं असतं. खोटं कशाला सांगू, लातूरची गाडी समोर लागली होती आणि मी तिच्या पाटीकडं बघून घेतलं होतं.

मग नांदेडहून एक गाडी आली. त्यातून पाठीला बॅग लावलेला, जेमतेम विशीचा एक मुलगा उतरला आणि कुणाला तरी शोधल्यासारखा इकडंतिकडं बघायला लागला. त्या दोघांतल्या थोराड तरुणानं पुढं होऊन त्याचं मनगट धरलं.

"हैबत का रं तू?"

"कोण हैबत? हात सोडा."

"कुनाला बघायलास मग?"

"मामाला बघायलोय. सोडा ना हात."

"मामा दावतो तुला, चल."

दुसऱ्यानं त्या मुलाची बॅग ओढली. प्राध्यापक खांब सोडून पुढं आले, पण त्यांनी पोरांना आवरलं नाही. लोक बघायला लागले. मी टाकी सोडून त्यांच्यापाशी गेले.

"सर," मी म्हणाले, "त्याला सोडायला सांगा. हैबत मी आहे."

थोराड तरुणानं मनगट न सोडता माझ्याकडं पाहिलं. "काय म्हनल्या?"

"मी हैबत. कांचन पोळ, कराडहून आलेय. मी तुम्हाला तसं कळवलं होतं, सर."

प्राध्यापकांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्यांचा आवाज खालच्या पट्टीत होता, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत सहज पोचेल तसा, पण खाली. "बालाजी, सोड त्याला." मग मला म्हणाले, "तुम्हाला कोणी पाठवलं? भाऊ का तुमचा तो?"

"मला भाऊ नाही."

"मग नवरा असेल. किंवा मित्र. तुम्ही एका नीच माणसासाठी इतक्या लांब आलात, याचं मला वाईट वाटतं."

"सर, मंजिरीला विचारा."

"मंजिरी हेच सांगते. तिलाही हेच पढवलेलं आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोन वर्षांचं लेखन मी वाचलं आहे. शेकडो पानं. तो माणूस बोट कशी वळवतो, दारू कशी पितो, बाईकडं कसं बघतो, हे एका मुलीनं लिहिलंय असं मी मानावं?"

"मानू नका. लिहून दाखवते."

सुटलेला मुलगा बॅग उचलून लांब पळाला होता. बालाजी म्हणाला, "काका, इथं तमाशा नगं."

"घरी चला," प्राध्यापक म्हणाले.

दुसऱ्या पोराला त्यांनी तिथूनच परत पाठवलं. घर जवळच होतं. दार मंजिरीच्या आईनं उघडलं. त्यांनी मला पाहिलं, माझ्या मागं कुणी पुरुष नाही ते पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बैठकीच्या तीन भिंतींना पुस्तकं होती. चौथ्या भिंतीत एक बंद दार होतं आणि त्याला बाहेरून कडी.

"मंजिरी," मी जरा मोठ्यानं म्हणाले.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. प्राध्यापकांनी हात वर केला. "तुम्ही एकमेकींशी बोलायचं नाही. तसं केलंत तर मला काहीच कळणार नाही." त्यांनी टेबलावर कोरे कागद ठेवले, पेन ठेवलं. कॉम्प्युटरवर कथा उघडलेलीच होती. "शेवटचं उत्तर इथं आहे. तांडेल रेवतीच्या पायाशी बसला आहे. पुढं लिहा."

मी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून राहिले.

"काय झालं?" त्यांच्या आवाजात विजय होता, पण थकलेला.

"यात पुढं लिहायला काही उरलं नाही, सर."

"म्हणजे?"

"तांडेल रडला, बसला, बोलला, ते सगळं तुम्हीच करून टाकलंत. रेवतीला काय वाटलं तेही तुम्हीच लिहिलंत. फार छान लिहिलंय. मलाही असं येत नाही. पण मी कुठून आत शिरू? आम्ही दुसऱ्यासाठी जागा सोडतो."

"इतक्या सविस्तर लिहिल्यावर जागा नाही म्हणता?"

"सविस्तर आहे म्हणूनच नाही."

बालाजी दाराशी उभा होता, त्यानं पाय बदलला.

"मंजिरीला लिहू द्या," मी म्हणाले. "एका कागदावर. तुम्हीच आणून द्या, मी उत्तर लिहिते, तुम्हीच घेऊन जा. सगळं तुमच्या डोळ्यांसमोर."

त्यांनी बायकोकडं पाहिलं. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "द्या की कागद. लिहून काय जातंय कुनाचं."

प्राध्यापक कागद घेऊन उठले. कडी काढून आत गेले आणि दार लोटून घेतलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता, कसा ते मला सांगता येत नाही. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. मंजिरीचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहत होते. मला दोनशे शब्दांची सवय, आणि तिथं दोन ओळी होत्या.

'रेवतीनं खिडकीच्या फटीतून पाहिलं. वाळूवर तांडेल उभा होता आणि त्याच्या पायांत फुलाफुलांच्या चपला होत्या.'

माझं लक्ष माझ्या पायांकडं गेलं. प्राध्यापकांचंही. गल्लीतून येताना तिनं आम्हाला पाहिलं होतं.

मी लिहिलं, 'तांडेल म्हणाला, जुनी प्रवासात तुटली. तू खाली येतेस की मी वर येऊ?'

त्यांनी तो कागद तिथंच उभ्यानं वाचला आणि आत नेला. परत आणला.

'खाली यायला जिना आहे. जिन्याला कुलूप आहे.'

'किल्ली कुणाकडं?'

या वेळी ते आत बराच वेळ होते. काकूंनी शेगडीवरचं काहीतरी उतरवून ठेवलं. बालाजी खुर्चीच्या कडेवर टेकला. मला एकदम वाटलं की आता ते येऊन कागद फाडतील आणि मला हाकलून देतील, आणि उद्याची परीक्षा गेली. दार उघडलं. त्यांनी कागद मला दिला नाही, आधी स्वतः पुन्हा वाचला. मग टेबलावर ठेवला.

'ज्यांनी मला बत्ती लावायला शिकवली, त्यांच्याकडं.'

"हिला मी पाचव्या वर्षी लिहायला शिकवलं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "पाटीवर नाही. थेट कागदावर."

मला कितीतरी लिहिता आलं असतं. तांडेल म्हाताऱ्याला काय म्हणेल, कसा हात जोडेल, कसं समजावेल, सगळं डोक्यात भरभरून येत होतं. मी पेन टेकवलं आणि लिहिलं, 'तांडेल गप्प राहिला.'

त्यांनी वाचलं. "एवढंच?"

"एवढंच, सर. आता तिला बोलू द्या."

ते गेले आणि लगेच परत आले. कागद माझ्यापुढं करून म्हणाले, "हे अपुरं आहे. पुढं रिकामं सोडलंय."

कागदावर होतं, 'रेवतीचे बाबा जिन्यात उभे होते. ते म्हणाले,' आणि स्वल्पविरामापुढं काही नव्हतं.

"हे माझ्यासाठी नाही," मी म्हणाले. "मी तांडेल आहे. रेवतीच्या बाबांचं मी कसं लिहू?"

प्राध्यापक माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी कागद स्वतःकडं ओढला, खिशातलं पेन काढलं आणि लिहायला लागले. भराभर लिहिलं, तीन-चार ओळी. थांबले. त्यावर आडवी रेघ मारली. पुन्हा लिहिलं, पुन्हा रेघ मारली. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. एकदा त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. काकू उंबऱ्यातून हलल्या नाहीत. बालाजी मात्र हळूच उठून बाहेर ओट्यावर गेला.

शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं. कागद घेऊन उठले, कडी काढली, आणि या वेळी दार लोटून न घेता सताड उघडं ठेवलं.

मंजिरी बाहेर आली. माझ्या कल्पनेपेक्षा ती ठेंगणी होती. केस विंचरलेले नव्हते. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग वडिलांच्या हातातला कागद घेतला. मी तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं. सगळं पान खोडलेलं होतं. खाली कोपऱ्यात एकच शब्द शिल्लक होता.

'जा.'

"आप्पा," ती म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच." ते खिडकीकडं बघत होते. "जास्त लिहायला गेलो की त्यात 'पण' येतो."

मंजिरीनं कागदाची घडी घातली. ती रडली नाही. तिनं शांतपणे विचारलं, "कुठं जा?"

"परीक्षेला."

"आणि नंतर?"

ते टेबलावरचे कोरे कागद गोळा करायला लागले. काकू म्हणाल्या, "आधी जेवा सगळे. ती पोरगी रात्रभर गाडीत बसून आलीय." ताटं मांडताना त्यांनी कमरेला खोचलेला मोबाईल काढून मंजिरीसमोर ठेवला, रोज ठेवत असल्यासारखा. टिटवी कुणाच्या फोनवरून बोलत होती ते मला तेव्हा कळलं. प्राध्यापकांनाही कळलं असावं. त्यांनी भाजी वाढून घेतली.

जेवताना मी मंजिरीला विचारलं, "दुसऱ्या कथेत सरळ का नाही लिहिलंस? तिथं सरांनी वाचलं नसतं."

"तू तरी वाचलं असतंस का?" ती म्हणाली. "तू आपली कथा सोडून काही उघडत नाहीस. आणि आई फोन देऊन गच्चीवर जायची, ती परत येईपर्यंतच वेळ. तेवढ्यात दोनशे शब्द कुठून आणू?"

जेवण झाल्यावर सुलभाताईंना फोन केला आणि रजा वाढवून घेतली.

सोमवारी आम्ही तिघं लातूरला गेलो. परीक्षा केंद्राच्या आवारात लिंबाखाली सिमेंटचा बाक होता. मंजिरी आत गेली आणि मी आणि सर त्या बाकावर बसलो. त्या नांदेडच्या मुलाबद्दल एकदा म्हणाले, "त्याचं मनगट लाल झालं होतं." मी म्हणाले, "हो."

मग त्यांनी विचारलं, "तो तांडेल रेवतीशी लग्न करणार होता का?"

"त्यानं विचारलं होतं. मंजिरीनं अजून उत्तर लिहिलं नव्हतं."

"तुला काय वाटतं, काय लिहील?"

"माहीत नाही, सर. तिचं ती लिहील."

त्यांनी मान डोलावली. त्यांना पुढं बरंच म्हणायचं होतं, ते मला त्यांच्या हातांवरून दिसत होतं. ते हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले आणि तसेच ठेवून बसले.

घंटा झाली. मुलं बाहेर यायला लागली. गर्दीत मंजिरी दिसली तसे ते उठून उभे राहिले.

"कसा गेला?"

"बरा गेला, आप्पा."

ते तिच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. आणखी काही विचारतील म्हणून ती थांबली, मीही थांबले. त्यांनी काही विचारलं नाही. तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि पुढं चालायला लागले. फाटकापाशी पोचायच्या आत मंजिरी आपण होऊन बोलायला लागली, पहिल्या प्रश्नापासून, आणि बस येईपर्यंत बोलतच राहिली.